परदेशातील गरीब मुलाचे प्रायोजकत्व : ख्रिस्ती कुटुंबाने विचार कसा करावा?

दोन_दमड्या

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

आमचे कुटुंब चौघांचे आहे : आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान मुलगा. मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देऊन झाल्यावरही दरमहा काही रक्कम बाजूला काढता येईल, अशी आता आमची स्थिती आहे. ती परदेशातील एखाद्या गरीब मुलाच्या शिक्षणासाठी आणि आरोग्यासाठी नियमितपणे द्यावी, असा विचार घरात चालला आहे. मूळ कल्पना मुलीची असून तिच्या रविवारच्या शाळेतील एका मैत्रिणीच्या घरी असे प्रायोजकत्व आहे आणि दूरच्या देशातून येणारी पत्रे तिने पाहिली आहेत.

एका संस्थेच्या संकेतस्थळावर देश, वय, मुलगा की मुलगी, जन्मतारीख अशी निवड करून मुलांची छायाचित्रे चाळता येतात. आमच्या मुलीने स्वतःच्या जन्मतारखेचे मूल शोधून काढले आणि ती हरखून गेली. यजमानांना मात्र ते पाहवले नाही. गरजवंताला असे पसंत करून घेणे बरे दिसत नाही, आणि ज्याचे छायाचित्र तितकेसे गोड आलेले नाही त्याला कोण घेणार, असे ते म्हणाले. त्यांच्या या बोलण्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून जाणत्यांना विचारते. आपण देतो तो पैसा त्याच मुलापर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचला तरी त्याच्या आयुष्यात खरोखर फरक पडतो का? ही रक्कम दशमांशातून वळवणे योग्य ठरेल, की ती त्यावरची असावी? ज्या घरांचा विश्वास आपल्याहून वेगळा आहे, त्यांच्या मुलांना ख्रिस्ती संस्थेमार्फत मदत करताना नकळत दबाव येतो का? पत्रे लिहिण्याचे काम मुलांकडे सोपवावे का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे.

हिशेबनीस

ताई, पैशाच्या वाटेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेचसे प्रश्न तिथेच सुटतात किंवा तिथेच अडतात.

ही कल्पना जुनी आहे. आज प्लॅन इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाणारी संस्था १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी निघाली. पुढच्याच वर्षी जे. कॅल्व्हिट क्लार्क या प्रेस्बिटेरियन पाळकांनी चीनमधील मुलांसाठी निधी उभारला आणि त्यातूनच आजची चाइल्डफंड ही संस्था वाढली. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मात्र ही पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती कोरियन युद्धामुळे. बॉब पिअर्स यांनी १९५० मध्ये स्थापन केलेल्या वर्ल्ड व्हिजनने १९५३ मध्ये कोरियातील मुलांसाठी प्रायोजकत्व सुरू केले. एव्हरेट स्वान्सन या अमेरिकन सुवार्तिकाने तेथील पोरक्या मुलांची दशा पाहून १९५२ मध्ये जे काम आरंभले, तेच पुढे कम्पॅशन इंटरनॅशनल झाले. एका अनाथ मुलाचा खर्च एका कुटुंबाने उचलायचा, इतकाच तेव्हाचा सरळ हिशेब होता. जाहिरातीची भाषा आजही त्याच काळातील आहे, पण त्यामागची व्यवस्था बदलली आहे, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

आज ढोबळमानाने दोन रीती दिसतात. वर्ल्ड व्हिजनसारख्या संस्था एका परिसरातील सर्व प्रायोजकांचा पैसा एकत्र करून त्या परिसराचा दीर्घ मुदतीचा कार्यक्रम चालवतात. पाणी, शाळा, आरोग्य, पालकांचे उत्पन्न यांवर हा पैसा खर्च होतो आणि त्याचा लाभ प्रायोजक नसलेल्या शेजारच्या मुलांनाही मिळतो. अशा ठिकाणी तुमच्या हातातील छायाचित्रातले मूल त्या गावाशी तुमचा दुवा असते. त्याच्या नावावर वेगळी रक्कम साठत नाही. कम्पॅशनची रीत निराळी आहे. तिथे स्थानिक मंडळीच्या आवारात केंद्र असते आणि नाव नोंदवलेले मूल ठरलेल्या दिवशी तिथे येते. तिथेच त्याची वैद्यकीय तपासणी होते, अभ्यास घेतला जातो, जेवण आणि शालेय साहित्य मिळते, आणि त्याची प्रगती नावानिशी नोंदली जाते. मुलाच्या हातात रोख रक्कम या दोन्ही रीतींत पडत नाही, आणि ते योग्यच आहे. आपला पैसा 'त्याच मुलापर्यंत' पोहोचतो का, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच संस्थेगणिक बदलते. संस्था ते उत्तर स्पष्ट शब्दांत देते की गुळमुळीत बोलते, यावरून तिची पारख करावी.

गैरप्रकार झालेच नाहीत असे नाही. १९९८ मध्ये शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या वार्ताहरांनी निरनिराळ्या संस्थांमार्फत मुलांचे प्रायोजकत्व घेतले आणि नंतर त्या मुलांचा शोध घेत ते त्यांच्या गावी गेले. काही मुलांना मिळालेली मदत अगदीच किरकोळ निघाली. माली देशातील एका मुलीचा मृत्यू होऊन बराच काळ लोटला होता, तरी तिच्या नावाने प्रायोजकाकडून पैसे घेणे चालूच राहिले होते. म्हणून नोंदी किती वेळाने ताज्या होतात, मूल कार्यक्रम सोडून गेल्यास प्रायोजकाला किती दिवसांत कळवले जाते आणि लेखापरीक्षण कोण करते, हे आधी विचारावे. प्रशासकीय खर्चाची टक्केवारी पाहून भुलू मात्र नये. पत्रांचे भाषांतर, केंद्रांच्या भेटी आणि बालसुरक्षेची व्यवस्था यांना पैसा लागतो, आणि तो खर्च अजिबात न दाखवणारी संस्था मला अधिक संशयास्पद वाटते.

यजमानांच्या आक्षेपाबद्दल दोन शब्द. बहुतेक ठिकाणी निवड संस्थेवर सोपवता येते, किंवा सर्वांत जास्त काळ वाट पाहणारे मूल मागता येते. वर्ल्ड व्हिजनने २०१९ पासून निवड उलटी करून पाहिली असून त्यात इच्छुक प्रायोजकांची छायाचित्रे मुलांसमोर मांडतात आणि मूल प्रायोजक निवडते. यात थोडा देखावा आहे असे माझे मत आहे, पण तुमच्या यजमानांना जे खटकले ते त्या संस्थेलाही कुठेतरी खटकले असावे.

दुर्बीण

फरक पडतो का, या प्रश्नावर केवळ भावनेने बोलण्याची गरज नाही, कारण त्यावर चांगले संशोधन झालेले आहे. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेव्ह आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी युगांडा, केनिया, भारत, फिलिपिन्स, ग्वाटेमाला आणि बोलिव्हिया या सहा देशांत कम्पॅशनच्या कार्यक्रमातून मोठ्या झालेल्या प्रौढांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकूण १०,१४४ व्यक्तींची माहिती त्यात घेतली होती आणि त्यांपैकी १,८६० जण लहानपणी प्रायोजकत्वाखाली होते.

अशा अभ्यासात खरी अडचण तुलनेची असते. ज्या घरातील मूल कार्यक्रमात येते, ते घर मुळातच शिक्षणाची ओढ असलेले असू शकते, आणि मग सगळे श्रेय फुकटच कार्यक्रमाला जाते. इथे मात्र एका नियमाने संशोधकांना हात दिला. गावात कार्यक्रम सुरू झाला तेव्हा बारा वर्षांपर्यंतच्याच मुलांना प्रवेश होता, त्यामुळे त्याच घरातील थोडी मोठी भावंडे केवळ वयामुळे बाहेर राहिली. एकाच चुलीवर वाढलेल्या भावंडांची तुलना करता आल्याने निष्कर्ष बराच भक्कम झाला. प्रायोजकत्वाखालील मुलांचे शालेय शिक्षण सरासरीने १.०३ ते १.४६ वर्षांनी वाढले होते आणि माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण १२ ते १८ टक्केबिंदूंनी अधिक होते. मोठेपणी पांढरपेशा नोकरी मिळवण्याच्या प्रमाणातही लक्षणीय वाढ दिसली.

हा अभ्यास एका संस्थेचा आणि एका विशिष्ट काळातील मुलांचा आहे, हे लक्षात ठेवावे लागेल. ती मुले १९८० आणि १९९० च्या दशकांत वाढली. वर हिशेबनीस यांनी सांगितलेल्या पहिल्या रीतीच्या संस्थांना हेच आकडे चिकटवणे चूक ठरेल, आणि जाहिरातीत तसे कोणी केलेच तर सावध व्हावे. तरीही, अनेक वर्षे एकाच मुलाच्या पाठीशी राहिल्याने त्याचे आयुष्य मोजता येईल इतके बदलते, एवढे तरी यातून सिद्ध झाले आहे. वायडिक यांच्या पुढच्या कामात एक वेगळीच गोष्ट आहे. इंडोनेशियातील मुलांकडून त्यांनी स्वतःची चित्रे काढून घेतली, आणि कार्यक्रमातील मुलांच्या चित्रांत आशेच्या खुणा अधिक आढळल्या. वह्यापुस्तकांइतकाच परिणाम मुलाच्या स्वतःविषयीच्या अपेक्षेवर होत असावा, असा त्यांचा कयास आहे.

कोरडी_विहीर

मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण ती कोणीतरी मांडायला हवी.

न्यू इंटरनॅशनॅलिस्ट या मासिकाने १९८२ मध्येच 'या मुलाचे प्रायोजक होऊ नका' असे थेट आवाहन मुखपृष्ठावरून केले होते. त्यांचे मुख्य म्हणणे आजही खोडून निघालेले नाही. गावातील एका मुलाला निवडले की बाकीच्यांना वगळले जाते. आईबापांना परक्यांच्या कृपेची जाणीव सतत होत राहते. आणि देणाऱ्याला नातेसंबंधाचे समाधान मिळावे म्हणून छायाचित्रे, पत्रे व भाषांतरे यांचा सारा पसारा उभारावा लागतो. हा पसारा देणाऱ्यासाठी आहे, मुलासाठी नाही. दुर्बीण यांनी वायडिक यांचा दाखला दिला, म्हणून त्यांचीच दुसरी बाजूही सांगतो. २०१२ मध्ये त्यांनी विकासाच्या क्षेत्रातील अर्थतज्ज्ञांना गरिबांच्या मदतीच्या प्रचलित मार्गांना गुण द्यायला सांगितले होते. त्यात गावाला स्वच्छ पाणी, मुलांना जंतनाशक गोळ्या आणि मच्छरदाण्या हे तीन मार्ग वर राहिले आणि बाल-प्रायोजकत्व चौथ्या क्रमांकावर आले. तुमच्या रकमेने जास्तीत जास्त मुलांचे भले व्हावे असे वाटत असेल, तर ज्या मार्गात पत्र येत नाही तो मार्ग निवडा.

अनाथालयातील मुलाचे प्रायोजकत्व तर कोणीही घेऊ नये. सेव्ह द चिल्ड्रनने २००९ मध्ये दाखवून दिले होते, की जगभर अशा संस्थांत ठेवलेल्या मुलांपैकी दर पाचात किमान चौघांची आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात असतात. गरिबीमुळे मूल घरातून तिथे जाते. आपण त्या खाटेचा खर्च उचलला की ती खाट भरलेली ठेवण्यात संस्थेचा स्वार्थ निर्माण होतो. तोच पैसा घराला मिळाला असता तर मूल आईजवळ राहिले असते.

दुर्बीण

अनाथालयांविषयीचे तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे, आणि ताईंनी ते पहिल्या अटीसारखे पाळावे. चौथ्या क्रमांकाबद्दल मात्र एवढेच म्हणतो, की त्या यादीत चौथा क्रमांक म्हणजे काही पराभव नव्हे. न्याय्य व्यापाराची कॉफी आणि मुलांना लॅपटॉप देणे हे मार्ग कितीतरी खाली होते. शिवाय जी माणसे मच्छरदाणीसाठी एकदा देऊन विसरून जातात, त्यांतील अनेक जण एका मुलासाठी दहा वर्षे न चुकता देतात. माणसाच्या या स्वभावाचा हिशेबही कोणीतरी करायला हवा.

मोहरीचा_दाणा

इथे बहुतेकांनी देणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे. मी अशाच एका केंद्रात वाढलो, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो. संस्थेचे आणि देशाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझा अनुभव म्हणजे त्या संस्थेचे प्रमाणपत्र व्हावे अशी माझी इच्छा नाही.

केंद्रातील जेवण, शाळेची फी आणि वर्षातून एकदा होणारी डॉक्टरांची तपासणी यांनी माझे शिक्षण टिकले, हे निःसंशय. पण आठवणीत सर्वांत वर आहेत ती पत्रे. पत्रे वाटण्याचा दिवस मुलांना आधीच ठाऊक असे. काहींच्या नावाने नेमाने पत्र येई, काहींना वर्षानुवर्षे एकही येत नसे. पैसे दोघांचेही येत होते, जेवण दोघांनाही सारखेच मिळत होते, तरी ज्याला पत्र येत नसे तो त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून लवकर घरी जाई. कोरडी विहीर यांना हा पसारा देणाऱ्यासाठी वाटतो. मला त्यांचे म्हणणे निम्मेच पटते. ज्या प्रायोजकाला वर्षातून तीन-चार पत्रे लिहिणे जमणार नाही, त्याने खुशाल पाण्याच्या योजनेला पैसे द्यावेत, तिथे त्याची अनुपस्थिती कोणाला जाणवणार नाही.

पत्रात काय लिहावे, याचेही थोडे सांगतो. तुमचे पत्र भाषांतर करणाऱ्याच्या हातून जाणार आहे, म्हणून वाक्ये लहान असावीत, विनोद साधे असावेत आणि एका पत्रात दोन-तीनच प्रश्न असावेत. उत्तर यायला काही महिने लागतात, आणि पहिली उत्तरे फार रुक्ष असतात : आवडता रंग, आवडता खेळ, भावंडे किती. लहान मुलाचे पत्र तर केंद्रातील कार्यकर्ताच लिहितो. यावरून मूल उदासीन आहे असे समजू नये. आम्हाला परक्या माणसाला काय लिहावे हेच कळत नसे. माझ्या प्रायोजकांनी एकदा त्यांच्या मुलाला गणितात कमी गुण मिळाल्याचे लिहिले आणि तेव्हापासून माझी पत्रे लांब होऊ लागली, कारण मलाही गणिताचीच भीती होती. त्या दिवसापर्यंत अशा घरांत कोणाला काही जड जात असेल, असे मला वाटलेच नव्हते.

घराची, गाडीची, सहलींची छायाचित्रे पाठवू नयेत. भेटीला येऊ, असे वचन तर ठरल्याशिवाय कधीच देऊ नये. मुलाला आपल्या देशात आणण्याचा उल्लेखही टाळावा, कारण मोठ्यांनी सहज लिहिलेले वाक्य मूल अनेक वर्षे जपून ठेवते. आणि एक विनंती अगदी आग्रहाने करतो. त्या मुलाला 'आमचा मुलगा' किंवा 'आमची मुलगी' म्हणू नका. त्याला आईवडील आहेत. माझे वडील रोजंदारीवर जात आणि मला केंद्रात सोडून मगच कामावर जात. त्यांची ही धडपड कुठल्याही अहवालात नव्हती. प्रत्येक पत्रात त्यांचे कुशल विचारणारा प्रायोजक त्यांना फार आवडे. घरात पत्र वाचून दाखवायचे काम माझ्याकडे होते, आणि तेवढे वाक्य ते मला दोनदा वाचायला लावत.

निवृत्त_पाळक

चर्चा चांगली चालली आहे. शास्त्राच्या अंगाने काही भर घालतो.

दूरच्या देशातील गरजूंना मदत पाठवणे ही मंडळीची पहिल्यापासूनची रीत आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात दुष्काळाची पूर्वसूचना मिळाल्यावर अंत्युखियाच्या शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधूंसाठी निधी जमवला आणि तो बर्णबा व शौल यांच्या हाती तेथील वडिलांकडे पाठवला. या एका ओळीत तुमच्या तीन प्रश्नांची बीजे आहेत : ऐपतीप्रमाणे देणे, विश्वासू हातांनी पोहोचवणे, आणि वाटप त्या ठिकाणच्या वडिलांवर सोपवणे. पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तर या निधीच्या व्यवस्थेत आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतल्याचे लिहिले आहे. तेव्हा संस्थेला हिशेब विचारणे हा अविश्वास आहे, असा संकोच कोणी बाळगू नये.

दशमांशाबाबत मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत आणि ते राहतील. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी आपल्याच वेशीत ठेवण्याची आज्ञा आहे. यावरून गरिबांचा वाटा दशमांशात धरणारे पुष्कळ आहेत. माझा सल्ला असा, की ज्या मंडळीत आपले पोषण होते तिचा वाटा कमी करून हे करू नये. तुम्ही त्यावरची रक्कम म्हणता आहात, तेव्हा तुमच्यापुरता हा प्रश्न उरत नाही. पहिल्या तीमथ्याच्या पाचव्या अध्यायातील इशारा मात्र ध्यानात असावा : जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. घरातील वृद्धांचे औषधपाणी मागे ठेवून दूरच्या मुलाला देणे हे दान होणार नाही.

आता दबावाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच उपकार मानायला परतला. प्रभूने बाकीच्या नऊ जणांविषयी विचारले खरे, पण त्यांचे आरोग्य काढून घेतले नाही. ख्रिस्ती संस्थेने आपला विश्वास लपवावा असे मी म्हणत नाही. स्थानिक मंडळीत केंद्र चालते तिथे गीते आणि वचने असणारच, आणि पालकांना ते नाव नोंदवतानाच स्पष्ट सांगितलेले असावे. परंतु जेवणासाठी प्रार्थनेला बसण्याची अट असेल, किंवा विश्वास न स्वीकारणाऱ्या मुलाचे नाव पुढे कमी होत असेल, तर तो सौदा झाला. रेड क्रॉस व रेड क्रेसेंट चळवळ आणि अनेक स्वयंसेवी संस्था यांनी आपत्तीतील मदतीसाठी १९९४ मध्ये जी आचारसंहिता केली, तिच्यात मदतीचा वापर विशिष्ट राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी होऊ नये, असे कलम आहे. कार्यक्रमात इतर धर्मांची मुले आहेत का, आणि ती शेवटपर्यंत टिकतात का, हे संस्थेला सरळ विचारा. त्याच संहितेत, संकटात सापडलेल्यांना प्रसिद्धीसाहित्यात प्रतिष्ठित माणसे म्हणून दाखवावे, निराधार वस्तू म्हणून नव्हे, असेही कलम आहे. तुमच्या यजमानांना जे जाणवले, ते याहून वेगळे नाही.

आणखी एक. मुलांना यात सामील करून घ्या, पण आपण किती चांगले आहोत याचा धडा म्हणून नको. कुटुंबप्रार्थनेत त्या मुलाचे नाव घेताना त्याच्या आईवडिलांचेही घ्यावे, आणि कधीतरी त्या घराने आपल्यासाठी प्रार्थना करावी अशी विनंती पत्रातून करावी. देणारा आणि घेणारा यांच्या जागा अधूनमधून बदलल्या की मुलांच्या मनात गर्व शिरायला वाव कमी मिळतो.

दोन_दमड्या

सर्वांचे मनापासून आभार. मोहरीचा दाणा यांचे लिहिणे काल रात्री आम्ही चौघांनी मिळून वाचले. मूल निवडण्याचे काम संस्थेवर सोपवायचे, असे ठरले आहे. जन्मतारखेचा हट्ट मुलीने आपणहून सोडला. अनाथालयांशी जोडलेल्या योजना आम्ही यादीतून काढून टाकल्या आहेत.

एक शंका मात्र अजून छळते. आम्हा दोघांपैकी एकाची नोकरी कायमची नाही. मूल पाच-सहा वर्षांचे असताना हात पुढे केला आणि ते बारा वर्षांचे झाल्यावर मागे घ्यावा लागला, तर मुळात न दिलेलेच बरे होते, असे होणार नाही का?

हिशेबनीस

ताई, प्रायोजकत्व हा कायद्याने बांधलेला करार नसतो, आणि बहुतेक नामांकित संस्था ते कधीही थांबवण्याची मोकळीक देतात. तुम्ही थांबलात म्हणून दुसऱ्या दिवशी मुलाला केंद्रातून काढत नाहीत. नवा प्रायोजक मिळेपर्यंत सर्वसाधारण निधीतून त्याचा खर्च भागवतात. हे तुमच्या निवडलेल्या संस्थेत असेच आहे ना, एवढे लेखी विचारून घ्या. शक्य असल्यास पहिल्यापासूनच काही महिन्यांची रक्कम वेगळी राखून ठेवा, म्हणजे नोकरीत खंड पडला तरी मुलाकडे खंड पडणार नाही. दोन मुले घेण्याचा मोह झाला तर एकावरच थांबा. दहा वर्षे एका मुलाला देणे हे पाच वर्षे दोघांना देण्याहून अधिक उपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि दुर्बीण यांनी दिलेला अभ्यासही दीर्घकाळ टिकलेल्या प्रायोजकत्वाचाच आहे.

थांबणे दर वेळी तुमच्या हातात असते असेही नाही. कुटुंब दुसऱ्या गावी जाते, मूल मोठे होऊन कामाला लागते, कधी त्या परिसरातील कार्यक्रमाची मुदत संपते, तर कधी सरकारी निर्णयाने सगळेच बंद पडते. भारत सरकारने २०१६ मध्ये कम्पॅशनच्या निधीवर पूर्वपरवानगीची अट घातल्यावर संस्थेला मार्च २०१७ मध्ये भारतातील काम गुंडाळावे लागले. त्या वेळी तिथली सुमारे दीड लाख मुले प्रायोजकत्वाखाली होती, आणि जगभरच्या प्रायोजकांची त्यांच्याशी चाललेली पत्रे एकाच वेळी थांबली.

तेव्हा नाव नोंदवतानाच आणखी एक गोष्ट विचारून ठेवा : प्रायोजकत्व कोणत्याही कारणाने संपले, तर शेवटचे पत्र लिहिण्याची संधी मिळते का, आणि ते मुलाला वाचून दाखवण्याची जबाबदारी कोणाची असते.

मोहरीचा_दाणा

हिशेबनीस यांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा देतो. संस्था हो म्हणाली, तर त्या पत्रात थांबण्याचे कारण साध्या शब्दांत लिहावे. आमच्या केंद्रात ज्यांचे प्रायोजक काही न कळवता थांबले, त्या मुलांनी आपल्याच पत्रात काहीतरी चुकीचे लिहिले गेले असावे, असाच अर्थ काढला होता.